तुमच्या एसआयपीची ग्रामसभा कधी?

तुमच्या वर्गात आत्ता कुणी विचारलं, 'एसआयपी कुणाकुणाची आहे?', तर किती हात वर होतील? फर्स्ट इयरला चार-दोन, थर्ड इयरला अर्धा वर्ग, असा माझा अंदाज. कुणाचे महिन्याला ५००, कुणाचे १००. मोबाइलवर केवायसी करायची, फंड निवडायचा, झालं. कुठल्या फंडाने पाच वर्षांत किती रिटर्न दिले, हे कॅन्टीनमध्ये क्रिकेटच्या स्कोअरसारखं तोंडपाठ असतं.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या फंडाचे ट्रस्टी, म्हणजे विश्वस्त, कोण आहेत? एक तरी नाव सांगा बरं.

शांतता पसरली ना? पसरणारच. ॲपवर फंड मॅनेजरचं नाव दिसतं, रेटिंगचे तारे दिसतात. पण तुमचा पैसा कायद्याने ज्यांच्या ताब्यात असतो, त्या माणसांची नावं शोधायला शंभर-दीडशे पानांची पीडीएफ उघडावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपीतून एका महिन्यात येणाऱ्या पैशाने २५ हजार कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. एवढ्या पैशावर लक्ष ठेवणारी माणसं आपल्याला ठाऊक नाहीत आणि त्याचं आपल्याला काही वाटतही नाही, हे मला खटकतं. म्हणून हा लेख.

ट्रस्टी असतात तरी कोण?

म्युच्युअल फंड ही कंपनी नसते, तो एक ट्रस्ट असतो. सेबीने १९९६ च्या नियमावलीत त्याची रचना ठरवून दिली. फंड काढणारा तो स्पॉन्सर. पैसे कुठे गुंतवायचे हे रोज ठरवणारी ती ॲसेट मॅनेजमेंट कंपनी, म्हणजे एएमसी. रोखे सांभाळणारा तो कस्टोडियन. आणि या सगळ्यांच्या वर, आपल्या वतीने राखण करणारे ते ट्रस्टी. शेत आपलं, कसणारी एएमसी आणि बांधावर उभा राहून बघणारा ट्रस्टी, असं समजा.

राखणदार मालकाच्या बाजूचा असावा, यासाठी नियम आहेत. ट्रस्टींपैकी किमान दोन-तृतीयांश जण स्वतंत्र हवेत, म्हणजे त्यांचा स्पॉन्सरशी संबंध नको. एएमसीच्या संचालक मंडळातही निम्मे संचालक स्वतंत्र हवेत. ट्रस्टींनी दोन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायची. नवा ट्रस्टी नेमायचा तर सेबीची आधी मंजुरी लागते. कागदावर सगळं चोख आहे.

पण ही माणसं निवडतं कोण? आपण नाही. बहुतेक फंडांमध्ये ट्रस्टी कंपनी असते आणि तिचे शेअर सहसा स्पॉन्सरकडेच असतात. ट्रस्टींची फी मात्र योजनेच्या खर्चात धरली जाते, म्हणजे ती जाते तुमच्या-माझ्या पैशातून. मॅचचा अंपायर एका टीमने नेमायचा आणि त्याची फी प्रेक्षकांच्या तिकिटातून द्यायची, असाच हा प्रकार. अंपायर प्रामाणिक असेलही, बरेच असतातही. पण त्याने चुकीचा निर्णय दिला तर प्रेक्षकांनी जाब विचारायचा कुठे?

नगरजवळच्या गावात काय चालतं?

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात नेणार नाही. अहिल्यानगर शहराजवळच्या हिवरे बाजारला चला.

या गावाची गोष्ट तुम्ही शाळेत कधीतरी ऐकली असेल. पाऊस बेताचाच, जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचलं, माणसं कामासाठी बाहेर पडली, दारूने घरं पोखरली. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर समतल चर खणले गेले, बंधारे झाले, झाडं लागली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. एवढं आपल्याला माहीत असतं आणि बहुतेक लेख इथेच संपतात.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा भाग. पाणी आलं, त्यानंतर गावाने काय केलं? एखाद्या गावाने लगेच ऊस लावला असता. आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचा. आशियातल्या सुरुवातीच्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक इथेच, प्रवरानगरला उभा राहिला. हिवरे बाजारने मात्र जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना नाही म्हटलं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली.

ताळेबंदाची पद्धत सोपी आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, जमिनीत किती मुरलं याचा हिशेब काढायचा. मग तो ग्रामसभेपुढे ठेवायचा. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यात कुठलं पीक किती घ्यायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाऊस कमी झाला तर रब्बीचा हिशेब बदलतो. हे सरपंच एकटा ठरवत नाही आणि मोठा बागायतदारही नाही. आकडा सगळ्यांसमोर असतो आणि प्रश्न कुणीही विचारू शकतो.

आता म्युच्युअल फंडाकडे याच नजरेने बघा. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच असतं. माझ्या विहिरीतलं पाणी आणि शेजारच्या विहिरीतलं पाणी वरून वेगळं दिसतं, खाली ते जोडलेलं असतं. फंडाचंही तसंच आहे. माझे युनिट, तुमचे युनिट आणि एखाद्या मोठ्या कंपनीचे लाखो युनिट, सगळे एकाच साठ्यावर उभे असतात. त्यामुळे उपसा कोण किती आणि कधी करतो, हा प्रत्येकाचा खासगी मामला राहत नाही.

खोल बोअरवाला आधी निघतो

घरी आई-बाबांना किंवा आजोबांना 'युनिट ६४' असं नुसतं म्हणून बघा. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची ही योजना १९६४ साली निघाली. कित्येक मध्यमवर्गीय घरांत निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे तिच्यात असायचे. सरकारी नाव, मुंबईचं मुख्यालय, वर्षाला लाभांश. विश्वास न ठेवण्यासारखं काय होतं?

होतं असं, की युनिटची खरेदी-विक्रीची किंमत संस्था स्वतःच जाहीर करायची. पोटातल्या शेअर-रोख्यांची खरी किंमत, म्हणजे एनएव्ही, लोकांना दिसतच नव्हती. संस्था स्वतःच्या वेगळ्या कायद्याखाली चालायची आणि ही योजना सेबीच्या नियमांच्या बाहेर होती. विश्वस्त मंडळ होतं, मोठ्या वित्तसंस्थांचे प्रतिनिधी त्यावर होते. तरी २ जुलै २००१ ला या मंडळानेच सहा महिन्यांसाठी युनिटची खरेदी-विक्री थांबवली. म्हणजे ज्याला पैसे हवेत त्याने थांबायचं. आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत मोठ्या कंपन्या भरपूर पैसे काढून बाहेर पडल्या होत्या. पुढे एनएव्ही जाहीर झाली, तेव्हा ती १० रुपयांच्या दर्शनी किमतीच्याही बरीच खाली निघाली. सरकारला मदतीला धावावं लागलं, संसदेच्या संयुक्त समितीने चौकशी केली आणि २००३ मध्ये युटीआयचे दोन भाग झाले.

गावच्या भाषेत सांगायचं तर पाण्याची पातळी कुणी मोजत नव्हतं आणि ज्याचा बोअर सर्वांत खोल त्याने आधी उपसून घेतलं. वरच्या विहिरीवाला पोहरा टाकून बसला.

तुम्ही म्हणाल, हा आपल्या जन्माच्या आधीचा किस्सा. मग आपल्या काळातला घ्या. २३ एप्रिल २०२०, पहिला लॉकडाउन. फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा डेट योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात सुमारे २५ हजार कोटी रुपये आणि जवळपास तीन लाख गुंतवणूकदार अडकले. या वेळी एनएव्ही रोज जाहीर होत होती, सेबीचे नियमही होते, स्वतंत्र ट्रस्टीही होते. अडचण अशी झाली, की योजनांमधले बरेच रोखे लगेच विकता येण्यासारखे नव्हते आणि पैसे काढणाऱ्यांची रांग वाढत गेली.

यात आपल्यासाठी सगळ्यात मोठा धडा कोर्टात लिहिला गेला. योजना बंद करायचा निर्णय ट्रस्टींनी घेतला, युनिटधारकांना न विचारता. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. दोन्हीकडे एक गोष्ट ठरली. ट्रस्टींना असा निर्णय घ्यायचा असेल, तर बहुसंख्य युनिटधारकांची संमती घ्यावी लागेल. डिसेंबर २०२० मध्ये ऑनलाइन मतदान झालं, मोठ्या बहुमताने लोकांनी योजना बंद करायला होकार दिला. मग न्यायालयाने नेमलेल्या एसबीआयच्या फंड कंपनीमार्फत रोखे टप्प्याटप्प्याने विकून पैसे परत मिळाले. पैसे आले हे चांगलंच. पण कुणाची फी भरायची होती, कुणाचं ऑपरेशन होतं, त्यांच्यासाठी ती वाट बघणं काय असेल?

म्हणजे मालकाला विचारायला हवं, एवढी साधी गोष्ट ठरायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. हिवरे बाजारात ती ग्रामसभेच्या अजेंड्यावर असते.

नुसतं मत देऊन भागत नाही

इथे एक सावधगिरी. 'गुंतवणूकदारांनी ट्रस्टी निवडून दिले की सगळं सुटेल' असं मी म्हणणार नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सहकारी बँकेत सभासद संचालक मंडळ निवडतात. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पुरेसं भांडवल आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण दिलं गेलं. निवडणूक होती, सर्वसाधारण सभा होती, पण ठेवीदाराला वेळेत खरी पातळी दिसली नाही.

हिवरे बाजारात आणि या बँकेत फरक कुठे आहे? मला तो क्रमात दिसतो. गावात आधी मोजमाप होतं, ते सगळ्यांना समजेल अशा भाषेत मांडलं जातं आणि मग निर्णय होतो. पातळी ठाऊक नसताना दिलेलं मत म्हणजे अंधारात मारलेला दगड. आणि पातळी ठाऊक असून मत नसेल, तर आपण नुसते प्रेक्षक. दोन्ही हवं.

सेबीने केलं, पण अर्धं

सेबी झोपून आहे असंही नाही. २०२० नंतर बरंच काही बदललं. २०२१ पासून अनेक डेट फंडांना निव्वळ मालमत्तेच्या किमान १० टक्के रक्कम रोख किंवा लगेच विकता येतील अशा रोख्यांत ठेवणं बंधनकारक झालं. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचा नियमच हा! त्याच वर्षी फंड कंपनीच्या महत्त्वाच्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा २० टक्के भाग त्यांच्याच योजनांच्या युनिटमध्ये द्यायचं ठरलं. म्हणजे राखणदारानेही त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. २०२२ मध्ये स्विंग प्रायसिंग आलं. बाजारात गडबड असताना घाईने बाहेर पडणाऱ्याने त्याचा खर्च स्वतः सोसावा, मागे राहिलेल्यांवर टाकू नये, हा त्यामागचा विचार. आणि १ जानेवारी २०२४ पासून ट्रस्टींच्या मुख्य जबाबदाऱ्या नेमकेपणाने ठरवून दिल्या, शिवाय प्रत्येक एएमसीत युनिटधारकांच्या हितासाठी एक समिती आली.

हे सगळं स्वागतार्ह आहे. पण बघा, यातल्या प्रत्येक ठिकाणी आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलतं. समिती संचालकांची, ट्रस्टी स्पॉन्सरच्या पसंतीचे, नियम सेबीचे. आपण कुठे आहोत? नियमांत युनिटधारकांना अधिकार आहेत, पण ते टोकाचे. ७५ टक्के युनिटधारकांनी ठराव केला तर योजना बंद करता येते. लाखो अनोळखी माणसांतून ७५ टक्के गोळा करायचे कुणी आणि कसे? आग लागल्यावर काच फोडून वापरायचा हातोडा आहे हा. रोजच्या देखरेखीला तो काय कामाचा?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, ट्रस्टींची नावं, त्यातले स्वतंत्र कोण, त्यांची फी किती, किती बैठकांना ते हजर होते, हे ॲपवर फंडाच्या पहिल्याच पानावर दिसावं. रिटर्नच्या शेजारी. तेही मराठीत, हिंदीत, आपल्याला कळेल अशा भाषेत.

दोन, ट्रस्टींनी वर्षातून एकदा ऑनलाइन खुली सभा घ्यावी. आपल्या राज्यात गावाला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. हजारो कोटींच्या फंडाला एक जमू नये? या सभेत तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: एएमसीला कुठे अडवलं, कुठल्या रोख्यांबद्दल काळजी वाटते आणि आपला खर्च योग्य आहे का.

तीन, प्रत्येक फंडाच्या ट्रस्टींपैकी किमान एक जण युनिटधारकांनी निवडलेला असावा. अमेरिकेत १९४० च्या कायद्यापासून फंडाच्या संचालक मंडळासाठी भागधारक मत देतात. तिथेही सगळं आलबेल नाही, पण दार तरी आहे.

'पण हे जमायचं कसं?'

पहिला आक्षेप ठरलेला. हिवरे बाजार हजार-बाराशे लोकांचं गाव, सगळे एकमेकांना ओळखतात. फंडात लाखो लोक. मान्य. पण फ्रँकलिनच्या वेळी लाखोंमध्येच ऑनलाइन मतदान झालं. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे घेता येतात, तर पाच मिनिटांत मत का घेता येऊ नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मतं युनिटच्या हिशेबाने मोजली तर मोठ्या कंपन्याच जिंकणार. खरंय. म्हणूनच तो एक ट्रस्टी निवडताना दर खात्याला एक मत असा नियम असावा. ग्रामसभेत दहा एकरवाल्याला दहा मतं मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप मला मित्रमंडळींकडून हमखास ऐकू येतो: 'पटलं नाही तर पैसे काढ आणि दुसऱ्या फंडात टाक.' शेतकऱ्याला गाव सोडता येत नाही, आपल्याला फंड सोडता येतो, हा फरक आहेच. रोज उलाढाल होणाऱ्या मोठ्या शेअर्सच्या फंडात तो मार्ग बहुतेक वेळा खुला असतोही. पण २००१ आणि २०२०, दोन्ही वेळा सगळ्यात आधी बंद झालं ते बाहेर पडायचं दार. दार बंद झाल्यावर आवाजच उरतो आणि आवाज उठवायची जागा आधीपासून बांधून ठेवावी लागते.

या आठवड्यात एवढं करा

सेबी माझ्या मागण्या उद्या मान्य करेल, अशा भ्रमात मी नाही. तोवर आपल्या हातात काय आहे? तुमच्या फंडाच्या वेबसाइटवर जा. 'स्टेटमेंट ऑफ ॲडिशनल इन्फर्मेशन' नावाचा कागद शोधा. त्यात ट्रस्टींची नावं आणि माहिती असते. स्वतंत्र किती ते मोजा. वार्षिक अहवालात ट्रस्टींचा अहवाल असतो, तक्रारींचा तक्ताही असतो, तो वाचा. फंडाने ज्या कंपन्यांचे शेअर घेतलेत, त्यांच्या ठरावांवर तुमच्या पैशाच्या जोरावर कसं मत दिलं, तेही फंडाला जाहीर करावं लागतं. आणि कधी मतदानाचा ई-मेल आला, तर तो प्रमोशन समजून डिलीट करू नका.

कॉमर्सच्या मित्रांनो, तुमच्या इन्व्हेस्टमेंट क्लबमध्ये 'बेस्ट फंड कोणता' यावर दहा सेमिनार झाले असतील. एक 'आपले ट्रस्टी कोण' यावर घ्या. चार फंडांची नावं फळ्यावर लिहा, शेजारी ट्रस्टींची लिहा, आणि न समजलेले प्रश्न थेट त्या फंडाला ई-मेल करा. उत्तर आलं तरी माहिती मिळेल, नाही आलं तरी मिळेल.

हिवरे बाजारला पाऊस आजही बेताचाच पडतो. गाव तरलं ते पडलेलं पाणी मोजायची आणि त्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायची सवय लावल्यामुळे. आपल्या पिढीचा पैसा आत्ता कुठे मुरायला लागलाय. मोजायची सवय लावायला हीच वेळ बरी आहे.